भालेरावांची चकती

भालेरावांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ते टूलरूमचे फिटर आणि मी ड्रॉइंग ऑफिसात. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाकांवर पसरायचे. हे डबा हातात धरून उभ्याउभ्याच चार घास कोंबायचे आणि थेट सायकल स्टँड गाठायचे. तिथे प्रत्येक सायकलीचा ब्रेक दाबून बघायचा, सैल वाटला की खिशातला पाना बाहेर. सायकल कुणाची, त्याला विचारावं, असलं काही नाही. माझ्या सायकलीशी झटताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चोर समजून मी ओरडलेच.

"ओरडताय काय, सामंतबाई? ब्रेक लागतो तुमचा, पण धरत नाही," ते मान वर न करता म्हणाले. हा त्यांचा ठरलेला शेरा. मला घाई असली की वर ऐकवायचे, "घाई आहे ना? मग थांबायची सोय आधी बघा." हे कोणी सांगावं, तर ठाकुर्लीहून येताना गाडी फलाटाला लागायच्या आत दारात उभं राहणाऱ्या माणसानं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत जाड टायरच्या सायकली दिसू लागल्या. भालेरावांनी एक जुनी विकत घेऊन कारखान्यात आणून ठेवली. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलेलं : चाकाच्या मधोमध पोलादी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. झालं, माणसाची झोप उडाली. "बाई, रबर रिमला किती घासणार? पावसात बोंबच. हे मुळातच धरतंय, बघा!" ड्रॉइंग मी काढून दिलं. चकती भंगारातल्या पत्र्याची, चिमट्यातले पॅड स्कूटरच्या ब्रेक-लायनिंगचे, आणि चिमटा त्यांनी चार महिने कानशीने घासून हाताने उतरवला. तसा हात आमच्या टूलरूममध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पुढच्या चाकाला तो बसवला, तेव्हा त्यांनी मला सगळं दाखवलं. चिमट्याचे दोन बोल्ट सैल करायचे, चकतीच्या दोन्ही अंगांना पोस्टकार्डाची एकेक पट्टी सरकवायची, ब्रेक दाबून धरायचा, बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, मग पट्ट्या ओढून काढायच्या. चाक फिरवल्यावर खस्स आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून. "कान द्या. चूप फिरलं पाहिजे," ते म्हणायचे, आणि स्वतः एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहायचे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा. सकाळपासून सगळे तेलाचे बोळे घेऊन यंत्रं पुसत होते. लेथ, ड्रिल, व्हर्नियर, सगळं लखलखत होतं. मला वाटलं, भालेरावांची सायकलही आज पुजली जावी. मी हँडलला कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोचलं आणि त्याच तेलकट बोळ्याने चकती मनापासून पुसली. आरशासारखी चमकली. फूल बघून भालेराव हसले. अर्धी सुट्टी होती, त्यांना चकती येऊरच्या डोंगरउतारावर बघायची होती. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, हाताला घट्ट लागला. पेढा तोंडात टाकून ते निघालेसुद्धा.

तेल लागलेला ब्रेक हाताला घट्टच लागतो. धरत नाही.

वळणावर त्यांनी घाबरून मागचा ब्रेक खेचला, चाक खडीवरून सटकलं आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मनगट वळेना. कानस सुटली. कारखान्यात त्यांना तयार भागांची मापं तपासायच्या टेबलावर टाकलं. स्टूल बाजूला सारून ते तिथेही उभेच. कोणी विचारलं तर म्हणायचे, "खडी होती, पडलो." मला मात्र ते पडल्याचं ऐकल्यापासून ठाऊक होतं, तेल माझ्याच बोळ्याचं. साधी सरळ रेघही मी दोनदा खोडून पुन्हा काढायचे.

शेवटी एका दुपारी त्यांच्या टेबलापाशी जाऊन मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी हातातला गेज खाली ठेवला.

"ठाऊक आहे. पडल्यावर पॅड काढून गॅसवर तापवले, तेव्हाच तेलाचा वास आला. दोन महिने वाट बघतोय, बाई कधी बोलतात."

"तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुमचा अजून एखादा महिना रडण्यात गेला असता," ते चिडून म्हणाले. "रविवारी येऊरला या. माझ्याच्यानं बोल्ट फिरत नाही. तुम्ही लावा."

उताराच्या माथ्यावर मी चकती स्पिरिटने तीनदा पुसली. पॅड त्यांनी पॉलिश पेपरवर घासून आणले होते. पट्ट्या सरकवल्या, बोल्ट आवळले, चाक फिरवलं. आवाज नाही. मी म्हटलं, "आता दाबून बघा."

साऱ्या कारखान्याचे ब्रेक दाबणाऱ्या त्या माणसाने ब्रेकला हातही लावला नाही. टांग टाकली आणि सुटले.

वळणाआड ते दिसेनासे झाले. मी रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला येरझारा घालत राहिले. ब्रेकचा आवाज नाही, पडल्याचा नाही, काहीच नाही. पळत खाली जावं की थांबावं, कळेना.

बऱ्याच वेळाने ते सायकल ढकलत, धापा टाकत वर आले.

"धरतो," एवढंच म्हणाले. मग सायकल माझ्या हाती दिली आणि रस्त्याकडेच्या दगडावर निवांत बसले.