शिशुपालाची आई

सिंगापुरात मराठी मुलीचं लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि गुरुजी यांच्यानंतर चौथा फोन साधनाला जायचा. गौरीहर मांडायचा तर तिनेच. हे पद तिला कुणी दिलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका लग्नात अन्नपूर्णेचं तोंड कुठल्या दिशेला आणि बोळकी कशी रचायची यावरून दोन आज्यांची जुंपली होती. साधनाने पदर खोचला, पाच मिनिटांत सगळं मांडून दिलं, आणि तेव्हापासून ते तिच्याच गळ्यात पडलं. तिची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते मनापासून आवडायचं.

तयारी बारमाही. जानेवारीत पोंगलच्या आधी लिटल इंडियात मातीची मडकी येतात. त्यातली लहानांतली लहान ती डझनावारी उचलायची आणि सेंगकांगच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये रचून ठेवायची. सरकारने घराघरात ती जाड भिंतींची खोली युद्धासाठी दिली. आमच्या या बाईने तिथे उतरंडी, पाट, हळकुंडं, सूत आणि पितळी अन्नपूर्णा ठेवली. नवरा प्रकाश म्हणायचा, "बॉम्ब पडला तर गौर आत, आपण बाहेर."

दिवसा ती तांजोंग पगारच्या एका बँकेत कम्प्लायन्समध्ये होती. काम काय, तर लोकांना नकोसे प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. या व्यवहारात तुमचं कुणी नात्याचं आहे का? मग ते आधी का नाही सांगितलंत? असं रोज विचारून लोकप्रिय कोण होणार! तिचा डबा खायला शेजारच्या टेबलावरचं कुणी येत नसे. गौरीहराजवळ मात्र तिची बडदास्त ठेवली जायची.

मामा बोहल्यावर न्यायला येईपर्यंत नवरी पिवळी साडी नेसून एकटी गौरीपुढे बसते, चिमूट चिमूट तांदूळ वाहते. त्या अर्ध्या तासात साधना तिला रुक्मिणीची गोष्ट सांगायची. साधनाचं माहेर अमरावतीचं, त्यामुळे रुक्मिणी ही जणू तिच्या शेजारच्या वाड्यातली पोर. "भावाने परस्पर शिशुपालाशी जमवलं. हिला कुणी विचारलं? कुणी नाही! मग हिने चिठ्ठी लिहिली, गुपचूप द्वारकेला धाडली. लग्नाच्या दिवशी गावाबाहेर अंबिकेच्या देवळात गेली, आपण बसतो ना तशीच पूजेला बसली. बसली ती शिशुपालाची नवरी म्हणून, आणि बाहेर आली ती सरळ कृष्णाच्या रथात चढली." मुली खुदकन हसायच्या. शिशुपालाची वरात मग दिङ्मूढ होऊन कशी उभी राहिली, याची साधना चांगली नक्कल करायची.

सुरुवातीला गोष्ट तिथेच संपायची. पुढे अनुया नावाच्या एका नवरीने गोष्ट ऐकता ऐकता रडायला सुरुवात केली. साधनाने तिचे डोळे पुसले, पावडर लावली आणि म्हणाली, "होतं गं असं सगळ्यांनाच. ऊठ." अनुया उठली. दोन वर्षांनी तिचा संसार मोडला. त्यानंतर ती एकदा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, भेटली, शेजारी ट्रे ठेवून बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी सांगितलं असतं."

साधनाला ते फार लागलं. बँकेत दिवसभर विचारत फिरणारी मी, आणि नेमकं तिथेच तोंड मिटून बसले! तेव्हापासून गोष्ट संपली की ती नवरीकडे बघून विचारायची, "तुझ्या मनापासून आहे ना?" आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजायची. सतरा मुलींना तिने विचारलं. सतराही जणी हो म्हणाल्या. कुणी लाजून, कुणी वैतागून, एक तर "ऑफ कोर्स लाह, आंटी" म्हणून परत फोनमध्ये शिरली.

अठरावी भार्गवी. ती साधनाच्या एकुलत्या एका मुलाची, ओजसची नवरी होती.

इथे मुलगा मुलीपुढे गुडघ्यावर बसत नाही, नव्या सरकारी फ्लॅटसाठी अर्ज टाकू या का म्हणून विचारतो. ओजसने चार वर्षांपूर्वी विचारलं होतं. नंबर लागला, इमारत उभी राहिली, यंदा चाव्या मिळाल्या. चाव्या घेतल्या की तीन महिन्यांत लग्नाची नोंदणी दाखवावी लागते, म्हणून ही तारीख. सकाळी अक्षता, जेवणं झाली की सह्या. ओजस वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत कामाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन जमिनीवर बसून यायचा. कपाट कुठे, झोपाळा कुठे, याचे फोटो आईला पाठवायचा.

मुलाच्या आईने गौरीहर मांडायचा नसतो, हे साधनाने भार्गवीच्या आईला, नीताला, बजावून सांगितलं. बँकेत असं नात्याचं प्रकरण आलं असतं तर तिने ते कधीच दुसऱ्याकडे सोपवलं असतं. नीता म्हणाली, "अहो, तुमच्याशिवाय येतंय कुणाला? आता आपण घरचेच." साधना विरघळली.

तर त्या सकाळी हॉलमागच्या छोट्या खोलीत भार्गवी पाटावर बसली होती. साधनाने गोष्ट सांगितली, नेहमीपेक्षा जरा रंगवूनच. शिशुपालाची नक्कल झाली. भार्गवी हसली नाही. प्रश्न गाळावा, असं साधनाच्या मनात येऊन गेलं. पण सतरा जणींना विचारायचं आणि स्वतःच्या सुनेला वगळायचं, हे तिला पटेना.

"तुझ्या मनापासून आहे ना?"

साधनाचे दहा आकडे झाले. वीस झाले. भार्गवीच्या चिमटीतले तांदूळ खाली सांडले.

"काकू, मी हो म्हणायचं असं ठरवून आले होते," ती म्हणाली. "ओजसमध्ये काही म्हणजे काही खोट नाही. पण मला हे लग्न नकोय. फ्लॅट लागला तेव्हा मी बावीसची होते. मग एकेक गोष्ट पुढे सरकतच गेली. थांबा म्हणायला मला जागाच मिळाली नाही."

साधनाला संताप आला. सतरा जणी हो म्हणाल्या आणि हिला माझ्याच लेकाच्या वेळी खरं बोलायचं सुचलं! होतं गं असं सगळ्यांनाच, ऊठ. वाक्य अगदी ओठावर आलं होतं. भार्गवी उठलीही असती. पोर तशी शहाणी, ऐकणारी. दाराबाहेर तिचे मामा, हरीश, उभे होते आणि मुहूर्ताला सोळा मिनिटं होती.

साधना उठली. हरीशना म्हणाली, "दहा मिनिटं थांबा." मग भरल्या हॉलमधून चालत बोहल्यापाशी गेली. ओजस मुंडावळ्या बांधून पाटाजवळ उभा होता. आईला बघून त्याचा चेहरा फुलला. "झालं का तुमचं?"

"आत चल. भार्गवीला तुझ्याशी बोलायचंय."

"आत्ता? अंतरपाटाच्या आधी? तूच नको म्हणाली होतीस ना?"

"चल म्हणते ना."

तिने त्याला आत सोडलं आणि दार ओढून घेतलं. आतून आवाज वाढला नाही. मुहूर्त टळून गेला. ओजस बाहेर आला तेव्हा मुंडावळ्या त्याच्या हातात होत्या. तो सरळ लिफ्टकडे गेला.

पुढचं सगळं अशा वेळी होतं तसंच झालं. एकशे ऐंशी माणसांचं जेवण तयार होतं, ते लोकांनी खाली माना घालून जेवून टाकलं. प्रकाशने सही घ्यायला येणाऱ्या बाईंना फोन करून नका येऊ म्हणून सांगितलं. नीता साधनापुढे येऊन उभी राहिली. "तुम्हीच विचारलंत ना तिला? कशाला विचारलंत?" साधना खाली बसून एकेक बोळकं पिशवीत भरत राहिली.

फोन यायचे बंद झाले. लग्न मोडणाऱ्या बाईकडून गौर कोण मांडून घेणार! त्याचं तिला वाईट वाटलं, पण झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. इतकी वर्षं ती रुक्मिणीची बाजू घेऊन बोलत होती. शिशुपालाला आई होती, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि ती तर कृष्णाची सख्खी आत्या! लेक नटून वरातीने गेला आणि हात हलवत परत आला, त्या दिवशी दारात तीच उभी असणार. तिने त्याला काय म्हटलं असेल, हे कुठल्या कीर्तनात ऐकल्याचं साधनाला आठवेना.

ओजस घरी नीट वागायचा. जेवायचा, ताट विसळायचा, विचारलं तेवढं बोलायचा. एका शनिवारी तो फ्लॅटच्या चाव्या परत करून आला आणि झोपाळ्यासाठी आणलेल्या पितळी कड्या बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवायला गेला. साधना दारात येऊन उभी राहिली.

"ओजस, मी चुकले का रे?"

"नाही," तो म्हणाला. "तिला नको होतं. बरोबर केलंस तू."

तो कड्या फडक्यात गुंडाळत होता. साधनाच्या मनात आलं, नवऱ्यामुलासाठी गौरीहर नसतो. त्याला कुणीच विचारत नाही. मी तरी कुठे विचारलं?

"तुझं होतं का मनापासून?"

तिने मोजायला सुरुवात केली. तो नाही म्हणाला असता तर तिच्या छातीवरचा दगड उतरला असता. दोघंही नुसती फ्लॅटपायी लग्नाला उभी राहिली होती, असं म्हणता आलं असतं. नाही म्हण रे बाबा, एकदा नाही म्हण.

आकडे तीनपर्यंतही गेले नाहीत.

"हो," ओजस म्हणाला, आणि कड्या अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवून दिल्या.