उजव्या टोकाची जागा

शिरूर कासारच्या होमगार्ड पथकात मला घेतलं तेव्हा चौथी पास चालत होती. उंची मात्र नीट मोजली. परेडला सगळ्यांत उंच बाई रांगेच्या उजव्या टोकाला उभी राहते. तिला मार्कर म्हणतात. आमची मार्कर अयोध्या होती. मी तिच्याहून दोन बोटं कमी, म्हणून तिच्या डावीकडे, दुसरी. पलटणनायक सानप सरांनी ‘दाहिने सज’ असा हुकूम दिला, की सगळ्यांनी मान उजवीकडे वळवायची आणि शेजारणीकडे बघून रांग सरळ करायची; ‘सामने देख’ झालं की मान पुन्हा समोर. मार्कर एकटी समोर बघते. तिच्यावरून रांग लागते.

मी लाजाळू. घरी पाहुणे आले तर चहा दाराआडून सरकवायची. वर्दी घातली की बरं वाटायचं. लोक वर्दीकडे बघायचे, माझ्याकडे नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. सिंदफणा नदीच्या पात्रात पोरं सायकली चालवायची. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. पाण्याचा टँकर दूध सोसायटीच्या विहिरीत रिकामा होई. तिथे अयोध्येची आणि माझी ड्यूटी होती. रांग लावायची, कठड्यावर कुणाला चढू द्यायचं नाही. अयोध्या शिट्टी मारायची, मी नुसती उभी.

“ए माय, तोंड उघड की जरा,” ती म्हणायची. “तुझ्या धाकानं न्हाई, बाया तुझी कीव येऊन रांग लावायल्यात.”

एका सकाळी उजवीकडच्या कठड्यावर ढगाची सावली पडल्यासारखी दिसली. मी वर बघितलं. आभाळात ढग नव्हता. सावली माझ्या डोळ्यात होती. दुखत काहीच नव्हतं. उलट मधूनच निळे काजवे चमकायचे आणि मी त्यांच्याकडे बघत राहायची. कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस त्याच बाजूने एक म्हातारी घागर घेऊन कठड्यावर चढली. मला दिसली नाही. अयोध्येने धावत येऊन तिला लुगड्याला धरून मागे ओढलं. नंतर तिने माझा डावा डोळा स्वतःच्या तळव्याने झाकला.

“किती बोटं हायत?”

“कुठं?”

तिने हात खाली घेतला.

आमचे मालक सोसायटीत दूध मोजून घ्यायचे. सुट्टी काढून ते मला औरंगाबादला घेऊन गेले. डॉक्टरीण बाई वयाने लहान होत्या. थेंब घातले, यंत्रातून बराच वेळ बघितलं.

“डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “मोठी झाली आहे. डोळा काढावा लागेल. ठेवला तर अंगात पसरू शकते.”

“दुसरा इलाज?” मालकांनी विचारलं.

“एवढ्या मोठ्या गाठीला नाही.”

मी नाही म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की मालक दचकले.

घरी येऊन पडून राहिले. मरणाची भीती होतीच. पण एका डोळ्याच्या बाईला लोक वळून वळून बघतात, ती भीती जास्त होती. तिथे वर्दीही झाकणार नव्हती. अयोध्या ड्यूटीवरून तशीच आली. उंबऱ्यावर बसली.

“कावून येईना गेलीस ड्यूटीला?”

“डोळा काढला की लोक बघतेत.”

“बघू दे. मेल्यावर तर सारं गाव येऊन बघतंय. तवा लाजून तोंड झाकायला उठशील का?”

मला हसू आलं, मग रडू. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझं रडणं संपेपर्यंत बसून राहिली.

“रांगेत कशी उभी राहू?” मी विचारलं. “उजवीकडचं दिसणार न्हाई मला.”

“ते मी बघते. तू आधी जगून ये.”

डोळा काढला. पट्टी निघाली आणि नवल झालं. जिथे डोळा नव्हता तिथे पाणी दिसायला लागलं. संथ, निळं, काठोकाठ भरलेलं. वर उन्हाचे तुकडे तरंगायचे. डॉक्टरीण बाईंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “होतं असं काही जणांना. वेड नाही लागलेलं तुम्हाला. मेंदूची अजून सवय गेलेली नाही.”

गावात टँकरची वाट बघत बसले की डावीकडे रिकाम्या घागरी आणि उजवीकडे भरलेला तलाव. अयोध्येला सांगितलं.

“मग सोड की बादली,” ती म्हणाली. “टँकरचं डिझेल तरी वाचंल.”

पुढे कृत्रिम डोळा बसवला. खऱ्यासारखा होता, फक्त हलायचा कमी. पहिल्या परेडला ‘दाहिने सज’ झालं. मान वळवली, तर आधी माझंच नाक दिसलं. अंदाजाने सरकले आणि रांग वाकली.

“दो नंबर, आगे क्यों?” सानप सर ओरडले.

वाटलं, आजची वर्दी शेवटची. तेवढ्यात अयोध्या एक पाऊल पुढे आली.

“सर, मार्करला शेजारी बघावं लागत न्हाई. हिला मार्कर करा.”

“आणि उंची?”

“दोनच बोटं कमी हाय, सर. बुटात पुठ्ठा घालंल.”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, “जगह बदलो.”

मी उजव्या टोकाला उभी राहिले. माझ्या उजवीकडे नुसतं मैदान होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एवढ्या जणी बघत होत्या, तरी मला लपावंसं वाटलं नाही.

ठरल्या वेळेला तपासणीला जात राहिले. पोटाचे फोटो काढायचे, कारण ती गाठ पुढे पोटात जाऊ शकते. दर वेळी फोटो स्वच्छ आले. उजवीकडचं ते पाणी हळूहळू आटत गेलं. मला त्याचं वाईट वाटायचं.

अयोध्या मांजरसुंब्याच्या चौकात बंदोबस्ताला होती. ट्रकने तिला उडवलं. ती जागीच गेली. तिची शिट्टी सानप सरांनी स्वतः तिच्या घरी नेऊन दिली.

त्यानंतरच्या परेडला माझ्या डावीकडे नवीन मुलगी होती. ‘दाहिने सज’ झालं. मी समोर बघत होते. उजवीकडे, जिथे पूर्वी पाणी दिसायचं, तिथे अयोध्या उभी होती. टोपी नेहमीसारखी थोडी तिरकी. माझ्याहून अर्धं पाऊल मागे.

मी तिच्याकडे बघून अर्धं पाऊल मागे सरले. माझ्यावरून सगळी रांग मागे सरली.

मार्कर जागेवरून हलत नसते, हे सानप सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी बघितलं. रांग सरळ होऊ दिली आणि मग हुकूम दिला.

“सामने देख.”