मागचं डावं चाक

गाडीच्या स्क्रीनवर मागचं डावं चाक हवा कमी म्हणून लाल दिसत होतं, आणि त्या चाकात काहीच सापडत नव्हतं.

गाडी बॅटरीवरची. वरोऱ्याचे एक सर ती घेऊन नागपूरला निघाले होते. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई, प्लास्टरमधला पाय सीटवर लांब करून बसलेली. जामच्या चौकात आमचं टायरचं दुकान आहे, तिथे ते थांबले. दुकान माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं. मी आणि नवरा त्यांच्या हाताखाली काम करतो. हवा भरणं, चाक खोलणं, पंक्चर काढणं मी बारा वर्षांपासून करते. शाळा चौथीपर्यंत. आमच्या कामाला आकडे वाचता आले की पुरतं.

आमच्या घरात सून भासऱ्याशी बोलत नाही. ते मला काम सांगतात तेही दुसरीकडे बघून. मला काही सांगायचं असलं तर मी नवऱ्याला सांगते, तो त्यांना सांगतो. त्या दिवशी नवरा टायर आणायला हिंगणघाटला गेला होता.

"चारही चाकांत हवा भरून घ्या म्हणा," भासरे कॉम्प्रेसरकडे बघून म्हणाले.

आमची सवयच तशी. गाडी थांबली की आधी हवा, मग बाकीचा विचार. मी मशीनवर छत्तीस लावलं. मशीन आधी चाकात किती हवा आहे ते दाखवतं, मग भरतं, आकडा गाठला की वाजतं. तीन चाकांना लगेच वाजलं. पुढच्या डाव्या चाकाला वेळ लागला. सुरुवातीला तिथे सत्तावीस दिसल्यासारखं वाटलं. पण आकडा क्षणभरच राहतो. चौतीसही असेल, आपणच चुकलो असू, असं वाटलं. भासरे आणि सर तर मागच्या चाकापाशी उभे होते.

भासऱ्यांनी मागचं डावं चाक खोललं आणि पाण्याच्या टाकीत फिरवलं. हवा गळत असली की पाण्यात बुडबुडे येतात. एकही आला नाही.

"चाक बिलकुल ठीक हाय, सर," भासरे म्हणाले. "सेन्सर खराब झाला."

सेन्सर म्हणजे चाकाच्या आत, वॉल्व्हच्या मुळाशी बसवलेली लहानशी डबी. ती आतली हवा मोजते आणि गाडीला कळवते.

सर गाडीत बसले आणि स्क्रीन बघून म्हणाले, "हो, आता तिथंही छत्तीस दाखवून राह्यला."

"मंग झालं. नागपूरले गेल्यावर सेन्सर बदलून घ्या."

"आठ दिवसांआधी सर्व्हिसिंगले टाकली होती. पुढची चाकं मागं अन् मागची पुढं केली त्यांनी. तवाच बिघडवला असंन."

"असंच असंन."

टायर सारखे झिजावेत म्हणून चाकांची अशी अदलाबदल करतात. ते ऐकून माझ्या मनात काहीतरी हललं, पण नीट समजलं नाही. सर म्हणाले, पुढे चार किलोमीटरवरच्या हॉटेलात अर्धा तास चार्जिंग करतो, आई चहा घेईल. गाडी निघाली.

डिझेलची गाडी असती तर मला काही ऐकू आलं नसतं. ही गाडी आवाज न करता आमच्या सिमेंटच्या ओट्यावरून उतरली आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. टिक. चाक एकदा फिरलं. टिक. परत फिरलं. टिक.

मी हात वर केला. भासरे तिथेच उभे होते, हाक मारता आली नाही. गाडी चौकातून नागपूरच्या रस्त्याला लागली.

मग मला काही सुचेना. मशीनची नळी गुंडाळली, परत सोडली. शाळेत आमच्या बाई हजेरी जागेवरून घ्यायच्या. एकदा शांता आणि मी जागा बदलून बसलो, तर शांताचा खोकला माझ्या नावावर गेला. गाडीचंही तेच झालं असणार. चाकं बदलली, पण कोणती डबी कुठे गेली ते गाडीला कोणी शिकवलं नाही. पुढच्या चाकात काहीतरी रुतलं होतं, तेच टिकटिकत होतं; हवा तिथून जात होती आणि गाडी मागच्याचं नाव घेत होती. सेन्सर खरं सांगत होता. आम्ही हवा भरून तो आकडा पुसून टाकला होता.

या गाड्या बॅटरीमुळे जड असतात. त्यात स्टेपनीही नव्हती. चाक खोलायचं सामान काढताना मी डिकी पाहिली होती, तिथे फक्त हवा भरायचा लहान पंप होता. भर वेगात टायर फुटला तर? नाही फुटला, नुसता बसला, तरी त्या म्हातारीला प्लास्टरच्या पायाने हायवेवर उतरवणार कोण?

मी नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मंग सांग न भाऊले."

"मी कशी सांगू?"

"गाडीखाली असंन तो. वाकून सांग."

"नाई होत मले."

"भाऊ कामात फोन उचलत नाई. मंग मी आल्यावर सांगतो. तासभर लागते."

चार्जिंग अर्ध्या तासाचं होतं. भासरे एका ट्रकखाली आडवे होते, त्यांचे नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांजवळ दोनदा गेले आणि दोनदा परत आले. मग पक्कड, हवेचा गेज आणि पंक्चरचं सामान पिशवीत टाकलं आणि स्कूटी काढली.

रस्ताभर वाटत होतं, गेली असेल गाडी. मग वाटायचं, गेली असेल तर बरं, बोलावं लागणार नाही. मग स्वतःचाच राग यायचा.

गाडी हॉटेलसमोर चार्जरला लावलेली होती. सर बाहेर फोनवर बोलत होते. परक्या पुरुषाशीही मला बोलायला जमत नाही. मी त्यांच्यापुढे नुसती उभी राहिले, त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली. आजींनी काच खाली केली.

"काऊन वो बाई, काई राह्यलं का आमचं?"

आजींशी मला बोलता आलं. "आजी, तुमच्या पुढच्या चाकात काहीतरी रुतलं हाय. डाव्या."

"ऐक रे!" आजी ओरडल्या. "फोन ठेव. बाई म्हणते पुढचं चाक खराब हाय."

"आई, पुढचं नाई, मागचं. अन् तेही ठीक हाय. स्क्रीन पाय."

"त्यायले म्हणा स्क्रीनच पाहा," मी आजींना म्हटलं. "मी पुढच्या चाकातली हवा सोडतो. आकडा कुठचा उतरते, ते सांगा."

"आयकलं का? कुठचा उतरते ते सांग म्हणते."

सर नाइलाजाने आत बसले. मी पुढच्या डाव्या वॉल्व्हची पिन दाबून धरली. हवा झपाट्याने गेली की सेन्सर लगेच कळवतो. थोडा वेळ काहीच नाही. मी दाबूनच होते.

"एकतीस," सर आतून म्हणाले. "मागचं डावं एकतीस झालं." मग दारातून मान बाहेर काढून, "पण तुम्ही तर पुढं बसल्या."

"सांग तिले, पटलं म्हणून," आजी म्हणाल्या.

चार्जरची वायर काढून सरांनी गाडी हातभर पुढे घेतली. टायरच्या खाचेत स्क्रूचं चपटं डोकं झिजून चमकत होतं. मी तो ओढला, भोक साफ करून रबराची स्ट्रिप घातली, आणि डिकीतल्या पंपाने छत्तीस भरले. आधी गेज लावून आकडा पाहिला, मग भरले. थुंकी लावून पाहिलं, बुडबुडा आला नाही. चाकांच्या जागा गाडीला परत शिकवून घ्या, हेही आजींकडूनच सांगितलं.

"नाव काय वो तुहं?" आजींनी विचारलं. मी सांगितलं. "बोलत जाय जरा," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले तर सांगावंच लागते."

दुकानात परतले तेव्हा भासरे हात पुसत होते. मी स्क्रू कॉम्प्रेसरवर ठेवला आणि शेजारी खडूने लिहिलं: पुढचं डावं. मग ट्रकच्या चाकाआड गेले. त्यांनी स्क्रू उचलला, बराच वेळ उलटसुलट केला.

"सेन्सर चांगला होता म्हणायचा," ते कॉम्प्रेसरला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरवर खडूंचा नवा डबा होता. आता हवा भरायच्या आधी मी प्रत्येक टायरवर त्याचा आकडा लिहिते. भासरे येऊन चारही वाचतात, मग गाडीला हात लावतात. आम्ही अजून बोलत नाही. पण आधी मोजायचं आणि मग भरायचं, एवढं दुकानात ठरलं आहे.