वामनरावांचे शुभेच्छुक

आमच्या अमडापूरच्या पुष्पांजलीला कोणी 'बिचाऱ्या पोरांचे फोटो काढणारी बाई' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. बसस्टँडसमोर तिचा फोटो स्टुडिओ. मंदीमुळे लग्नं घरच्या घरी उरकू लागली, अल्बमची कामं आटली, तशी ती कॅमेरा घेऊन गावाबाहेरच्या वीटभट्टीवर जाऊ लागली. तिथं जळगाव जामोदकडून कामाला आलेली कुटुंबं झोपड्या टाकून राहतात. आईबाप विटा थापतात, पोरं त्या उलटतात, धाकट्यांना सांभाळतात. पुष्पांजली नवरदेवाला सजवावं तसे आधी त्यांचे केस पाणी लावून विंचरते, मगच फोटो काढते. शहरातल्या एका संस्थेनं फोटो मागितले, पण म्हणे पोरं जरा उदास हवीत.

"काऊन? मंदी आली म्हनून पोराईनं हासू नाही का?" असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

भट्टी वामनरावांची. आमचे हेडमास्तर शाळेबाहेरच्या मुलांची पाहणी करायला गेले, तेव्हा वामनरावांनी पोरांना शेतात पिटाळलं आणि "माह्या भट्टीवर पोरंच नाहीत" असं छातीठोक सांगितलं. झालं, शाळा राहिली बाजूला. वंदना नावाची पोरगी तर सिमेंटच्या गोणीचं दप्तर शिवून बसली होती.

पुढच्याच आठवड्यात वामनरावांचा वाढदिवस होता. गावपुढाऱ्याचा वाढदिवस म्हणजे फ्लेक्स आलाच. वर त्यांचा भला थोरला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या गोल चेहऱ्यांची रांग. आपल्या चेहऱ्याचे पैसे शुभेच्छुकानंच भरायचे. यंदाच्या मंदीत एकही चेहरा आला नाही, आणि रिकामी रांग म्हणजे चारचौघांत शोभा.

"कोनाचेही टाक वो बाई, पन रांग भरली पाह्यजे," फ्लेक्सचं काम पुष्पांजलीला देताना वामनराव म्हणाले.

तिनं भरली. सकाळी बसस्टँडवर फ्लेक्स चढला. वर फेटेवाले वामनराव आणि खाली भट्टीवरची झाडून सगळी पोरं, भांग पाडून हसणारी. प्रत्येकाखाली नाव आणि 'वीटभट्टी, अमडापूर'.

वामनराव तणतणत आले. "काय करून ठेवलं हे? उतरव आधी!"

"तुमीच उतरवा. वाढदिवसाच्या दिवशी सोताचं तोंड सोताच्या हातानं उतरवसान?"

गर्दी खदखदून हसली. हेडमास्तर टपरीवरून चहाचा कप घेऊनच पुढे आले. "वामनराव, शुभेच्छुक तर तुमच्याच भट्टीवरचे दिसतात. सोमवारी शाळेत पाठवता ना?"

अख्ख्या गावासमोर नाही कसं म्हणणार? "पाठवतो ना," वामनराव पुटपुटले.

पोरं आपापले चेहरे शोधत होती. वंदना मात्र कपाळाला आठ्या घालून वर बघत होती. "मले खाली काऊन लावलं?"

पुष्पांजलीनं तिला दप्तर आणायला धाडलं आणि स्टुडिओचं शटर उघडलं.

सोमवारी शाळेच्या फाटकावर दुसरा फ्लेक्स लागला होता. वर गोणीचं दप्तर खांद्याला लावलेली वंदना, वामनरावांपेक्षा वीतभर मोठीच. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत एकच चेहरा होता, पुष्पांजलीचा.