सात जणांचे भजन, एक माईक

यंदा, १९५४च्या फेब्रुवारीत, अल्लीपूरहून आम्ही सात जण सकाळी पावणेसातच्या मोटारीने निघालो. मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी चार दिवस आमच्या मध्य प्रदेशात, वर्ध्याला मुक्काम करून गावोगावची मंडळे ध्वनिमुद्रित करणार होती. आमच्या भजनी मंडळाला तिने एक तास दिला होता. मंडळाचा पत्रव्यवहार मी पाहतो आणि झील धरतो (मुख्य गायकाच्या मागे ओळ उचलतो).

अड्ड्यावर पानवाल्याने विचारले, "काऊन जी, तुमच्या आवाजानं त्याईचं यंत्र फुटलं तं भरून देता काय?"

आमचे खंजिरीवाले बळीरामजी म्हणाले, "फुटलं तं तुह्याच टपरीत आणून ठेवतो."

तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांची, असे कंपनीच्या पत्रात होते. आमचे भजन साडेसात मिनिटांचे. पंधरा दिवस घड्याळ लावून मी ते तीन मिनिटे दहा सेकंदांवर आणले. तीन कडवी गेली. यापलीकडे काही सोडायचे नाही, असे सर्वांचे ठरले होते.

वाटेत एका नाल्यात मोटार बंद पडली. उतरून ढकलली, छत्तीस मिनिटे गेली. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या पऱ्हाटीची (कपाशीची) करडी शेते होती. नालवाडीला माझ्या मेहुण्याने अंगणात रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. प्रत्येकाने चार रोडगे खाल्ले. मुख्य गायक श्यामराव; गळा जपायचा म्हणून त्यांनी एकच खाल्ला.

ध्वनिमुद्रण एका धर्मशाळेच्या खोलीत होते. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. कंपनीच्या साहेबांनी आम्हाला माईकसमोर एका ओळीत उभे केले. भजन आम्ही गोल बसून म्हणतो. श्यामरावांचा गुडघा हलला की बळीरामजींची खंजिरी पडते, आणि खंजिरी पडली की झील उठते. ओळीत कोणाला कोणाचा गुडघा दिसेना. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. चाळीस मिनिटे संपली.

साहेब श्यामरावांना म्हणाले, "गळा तुमचा उत्तम आहे. तुम्ही एकटे थांबा. पेटी-तबला आमचा आहे. बाकीच्यांना जाऊ द्या."

बळीरामजींनी खंजिरी पिशवीत घातली. "म्हण रे श्याम तू. अशी संधी पुन्हा येत नाई. आमी बाहेर चहा पेतो."

श्यामराव साहेबांकडे वळले. "सायेब, एकटा मी वावरातले पाखरं हाकलतो. भजन एकटा म्हणत नाई."

"मग तबकडी निघणार नाही."

"नका काढू."

मी घड्याळ काढले. "साहेब, आमची अजून एकोणीस मिनिटे आहेत. ती आम्हाला आमच्या रीतीने द्या."

"तुम्ही मध्य प्रदेशातले लोक फार हट्टी बुवा," साहेब म्हणाले.

"हाओ," बळीरामजी म्हणाले. ते खाली बसले आणि त्यांनी खंजिरी पुन्हा बाहेर काढली. आम्ही सगळेच गोल बसलो. "तुमचं यंत्र मधात घ्या, सायेब. आमी फिरत नाई."

यंत्रावरच्या माणसाला हसू आले. त्याने साहेबांना न विचारता स्टूल ओढले आणि माईक तुळईला दोरीने टांगला, बरोबर आमच्या मध्यावर. श्यामरावांचा गुडघा हलला. तीन मिनिटे आठ सेकंद. एकही ठोका चुकला नाही.

साहेबांनी ते दोनदा ऐकले. छापायचे की नाही हे मुंबईत ठरेल, असे सांगून त्यांनी अर्ज पुढे केला. गायकाच्या नावाला एकच ओळ होती. मी बारीक अक्षरात सातही नावे लिहिली. शेवटची दोन समासात गेली.

"एवढी नावं तबकडीवर मावत नाहीत हो."

"तं थोडी मोठी काढा," श्यामराव म्हणाले.

परतीच्या मोटारीत सगळे झोपले. मी जागा राहून हिशेब केला: एका तासातली सत्तावन्न मिनिटे खर्ची पडली आणि कामाची तीन. तरी मला तो तोटा वाटला नाही. तबकडी निघेल की नाही, हे आज मला सांगता येत नाही. निघाली तर ती सात जणांची निघेल. कंपनीला एकाचीच हवी असेल, तर तिने दुसरे गाव पाहावे.