एकच रायफल

दोन हजार चार साली नॉटिंगहॅमच्या आमच्या फ्रॅक्चर क्लिनिकमध्ये खांदा मोडलेले एक इंग्रज आजोबा दर महिन्याला यायचे. काखेत कायम शिकारीच्या रायफलींचा कॅटलॉग. त्यांना कारखान्यात बनलेली, साधी, पण स्कॉटलंडच्या हरणापासून कॅनडाच्या अस्वलापर्यंत सगळ्यांना पुरेल अशी एकच रायफल हवी होती. माझी आत्या स्थळं बघताना नाक मुरडायची, तसं ते प्रत्येक रायफलीला मुरडायचे. ही फार जड, हिचा दणका खांद्याला झेपायचा नाही.

सहाव्या महिन्यात मी म्हटलं, "खांदा ठणठणीत झालाय. घेऊन टाका आता."

आजोबा दचकलेच. "नीट बघा डॉक्टर, दुखतोय अजून." मग कॅटलॉग छातीशी धरून हळूच म्हणाले, "घेतली, तर अस्वलासमोर जावं लागेल हो!"

मी पुढच्या महिन्याची तारीख दिली.