मस्कतचा पैसा, नामपूरची वारस

नाशिकच्या सिडकोत पवननगरच्या बाजारातून आत वळलं की उन्हाळ्याच्या दिवसांत माणूस आधी शिंकतो आणि मग त्याला बयाबाईंचा डंका दिसतो. मिरची, धने, हळद कांडून देणारी ही गिरणी बयाबाईंनी नवऱ्याच्या मागे एकहाती चालवली. शेजारच्या सोसायटीने तक्रारी केल्या, नोटिसा आणल्या, एकदा तर पोलीसही आणला. तो बिचारा शिंकून शिंकून बेजार झाला आणि जाताना घरच्यासाठी वर्षाचा मसाला सांगून गेला. बयाबाईंना स्वतःला कधी शिंक येत नाही. "शिंकत बसले असते तर पोरं कोणी वाढवली असती?" असं त्या विचारतात.

डंक्यासमोर बसलेल्या बायका बघून बघून त्यांना माणसांची पारख आली. एखादी पिशवीवरची नजर हलवत नाही, एखादी मिरची टाकून खुशाल भाजीला निघून जाते. दुसरीचा मूठभर मसाला चुकून आपल्या डब्यात आला तर कोण परत करील आणि कोण झाकण लावील, हे बयाबाई तोंड बघून सांगतात. वकील, डॉक्टर, नगरसेवक, सगळ्यांना त्या याच मापाने मोजतात.

या बाईची मुलगी संजना. नर्सिंग शिकलेली, हसरी, आईसारखीच बोलायला सडेतोड. तिला नामपूरला दिली होती. जावई शेखर सोन्यासारखा होता, पण लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा देवळ्याच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रॅक्टर धडकला. तेराव्याच्या दिवशीच शेखरच्या आईने, चतुराबाईंनी, सुनेची बॅग ओट्यावर आणून ठेवली. पांढऱ्या पायाची म्हणून. संजना नाशिकला परत आली, काही दिवस डंक्यावर आईजवळ नुसती बसून राहिली, आणि मग एक दिवस उठून तिने मस्कतच्या एका हॉस्पिटलची नोकरी मिळवली.

तिथे ती नऊ वर्षं होती. दर रविवारी फोन करायची. पैसे घरी थोडे पाठवायची, बाकीचे तिथल्याच बँकेत साठवायची. "आई, एकदाच येईन आणि एकदम घर घेईन," असं म्हणायची. "जिथून आपल्याला कोणी जा म्हणणार नाही असं घर." बयाबाई म्हणायच्या, "मला कोणाची टाप आहे जा म्हणायची?" संजना म्हणायची, "तुला नाही गं, मला."

आणि मग एका दुपारी वॉर्डात काम करता करता डोकं धरून ती खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलच्या लोकांनी सगळं नीट केलं, तिचा देह घरी पाठवला. बयाबाईंच्या मुलाने, दीपकने, रामकुंडावर तिचे दिवस केले. बयाबाई रडल्या, पोटभर रडल्या, डंका महिनाभर बंद ठेवला. त्या गल्लीत इतकं शांत कधी वाटलं नव्हतं, आणि ती शांतता कोणालाच सोसली नाही. तक्रार करणाऱ्या सोसायटीतल्याच बायका शेवटी मिरच्या घेऊन आल्या.

दीपककडे बहिणीच्या बँकेचं ॲप होतं, पासवर्ड होता. त्याला वाटलं, गुपचूप पैसे वळते करून घेऊ. पण तिथे माणूस गेल्याचं कळलं की बँक आधी खात्याला कुलूप घालते. पासवर्ड असो नाहीतर एटीएम कार्ड, काही चालत नाही. बँकेचं उत्तर आलं ते सरळ होतं: वारस कोण हे तुमच्या देशातल्या कोर्टाने सांगावं, त्या दाखल्यावर दिल्लीचे आणि वकिलातीचे शिक्के आणावेत, मग आम्ही पैसे देऊ.

"मग त्यात काय एवढं?" बयाबाई म्हणाल्या. "वारस मी. आईशिवाय कोण हाय तिला?"

मायलेक एका वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई तरुण होत्या, पण डंक्याच्या मापाने मसाला परत करणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संजनाताईंना मूलबाळ नव्हतं. नवरा आधीच गेलेला. मृत्युपत्र केलं होतं का?"

"तिचं काय मृत्युपत्र करायचं वय होतं?"

"तेच तर. मग मावशी, मन घट्ट करून ऐका. अशा बाईच्या स्वतःच्या कमाईवरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो. आईचा नंबर त्यांच्यानंतर. जावयाची आई आहे का?"

"हाय की. चांगली ठणठणीत हाय."

"मग कायद्याने वारस त्या."

दीपकचा तिळपापड झाला. ज्या बाईने बहिणीची बॅग ओट्यावर ठेवली, तिला बहिणीची नऊ वर्षांची रक्त आटवलेली कमाई? हा कसला कायदा? खरं सांगायचं तर या कायद्याला काही चांगलं म्हणावं असं मलाही सुचत नाही.

घरी आल्यावर दीपकने तोड काढली. पासपोर्टवर संजनाचं माहेरचंच नाव होतं, ते तिने कधी बदललंच नव्हतं. "अर्जात अविवाहित लिहू. नामपूरवाल्यांना कळणारसुद्धा नाही. दोन महिन्यांत दाखला हातात."

बयाबाईंनी हातातला झाडू खाली ठेवला. "मांडव मी घातला. विहिणीचे पाय मी धुतले. शेखर गेला तेव्हा माझी पोर भिंतीला डोकं आपटून रडली, ती कोणासाठी? शेजाऱ्यासाठी? पैशापायी तिचं लग्नच झालं नाही म्हणू? तोंड झडेल माझं."

"मग काय, त्या म्हातारीला जाऊन सांगणार आहेस की बाई, घे?"

"हो," बयाबाई म्हणाल्या. "तेच सांगणार हाय."

दीपकने कपाळावर हात मारून घेतला. पण बयाबाईंचा विचार ठरला होता. चोरून मिळवलेला वारसा त्यांना नको होता आणि हात पसरून मागितलेलाही नको होता. त्यांनी मेन रोडला जाऊन संजनाचा एक फोटो मोठा करून घेतला, निळ्या गणवेशातला, हसणारा. चांगली लाकडी चौकट करवली. मग फोटो चादरीत गुंडाळला, पिशवीत एक खिळा आणि डंक्यावरची हातोडी टाकली, आणि सकाळच्या बसने निघाल्या. सटाण्याला बस बदलून नामपूरला पोचल्या तेव्हा बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे होते.

चतुराबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. विहिणीला बघून त्यांच्या हातातली पाकळी खाली पडली. "या, बठा," त्या म्हणाल्या. थोरला मुलगा सावळीराम आतून आला. शेजारच्या दोघी-तिघी कामाचं निमित्त काढून ओट्याशी टेकल्या. बयाबाईंना तेच हवं होतं.

त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. संजना गेली ते गावाच्या कानावर आलंच होतं. तिचा पैसा मस्कतच्या बँकेत आहे, इतका इतका आहे, आणि कायद्याने तो चतुराबाईंचा आहे. आकडा ऐकून सावळीरामचे डोळे चमकले.

"आमना हक शे म्हणजे शेच," तो म्हणाला. "कायदा काय खोटा बोलस?"

"नाय बोलत," बयाबाई म्हणाल्या. "म्हणून तर आलेय. पण वारस व्हायचं तर पुरतं व्हायचं. पैसा तुमचा तर पोरही तुमची." त्यांनी चादर सोडली. "भिंतीवर शेखरचा फोटो हाय, त्याच्या शेजारी हिला लावा. हिचं वर्षश्राद्ध तुमच्या दारात करा, पिंड सावळीरामने द्यायचे. आणि कोणी विचारलं तर सांगायचं, ही आमची सून, हिच्या कमाईचं आम्ही खातो. खिळा मी आणलाय. हातोडीपण आणलीय."

त्यांना वाटलं होतं, इथेच सगळे ओशाळतील. पण सावळीराम कसला ओशाळतोय! "लाई टाकू की, त्यामा काय शे!" असं म्हणून त्याने हातोडी घेतली आणि दोन ठोक्यांत खिळा मारून फोटो टांगूनसुद्धा टाकला. वर, सरळ आहे का, हेही विचारलं.

या माणसाने दहा फोटो टांगले असते. आपण स्वतःच्या पायाने चालत येऊन पोरीची कमाई यांच्या पदरात टाकली की काय, असं बयाबाईंना क्षणभर वाटलं. पण त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. त्यांचं लक्ष सावळीरामकडे नव्हतंच. वारस तो नव्हता. त्या चतुराबाईंकडे बघत होत्या.

जेवणाची वेळ झाली होती. आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? चतुराबाईंनी भाकरी, वांग्याची भाजी, कांदा वाढला. दोघी विहिणी समोरासमोर बसल्या. वर भिंतीवर शेखर, आणि शेजारी निळ्या गणवेशात संजना. बयाबाई निवांत जेवू लागल्या. चतुराबाईंनी घास मोडला, वर बघितलं आणि तो ताटात परत ठेवला. पुन्हा मोडला, पुन्हा ठेवला.

"तेराव्याले आख्खं गाव जेवनं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तीच उपाशी गयी. जेवून जाय, एवढं बी तिले म्हनलं नही मी."

बयाबाईंना ते ठाऊक होतं. त्या रात्री नाशिकला पोचलेली पोर कशी अधाशासारखी जेवली होती आणि जेवता जेवता कशी रडत होती, ते त्यांनी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

चतुराबाईंनी ताट बाजूला सारलं. "तिना पैसा मना ताटमा नको. माले घास उतरस नही. कोर्टमा कधी येवानं ते सांगा."

"आई, येडी झालीस का?" सावळीराम ओरडला.

"तू चूप बठ. नाव मनं शे कागदवर, तुनं नही." मग विहिणीकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवा. भाकरी आणू का अजून?"

आणि बयाबाईंनी खरंच आणखी एक भाकरी घेतली. भूक होती म्हणून नव्हे, पोरीच्या वाटची म्हणून.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी दीपकने पैज लावली की म्हातारी येणार नाही, मुलगा तिला येऊ देणार नाही. बयाबाई म्हणाल्या, "येईल." चतुराबाई एकट्या आल्या, नवी नऊवारी नेसून, हातात कापडी पिशवी. कोर्टात त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं की सुनेच्या पैशावरचा हक्क मी सोडते, तो तिच्या आईला द्यावा. न्यायाधीश साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणी जबरदस्ती केली का? चतुराबाईंनी साहेबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माले कोन जबरदस्ती करी?" त्या म्हणाल्या. बयाबाईंना त्या क्षणी ही बाई आवडली. आपल्याला ती आवडतेय याचा त्यांना रागही आला.

पुढे दाखला झाला, दिल्लीचा शिक्का झाला, वकिलातीचा झाला, तिथल्या कोर्टाची मंजुरी आली, आणि पैसा आला. त्या सगळ्यात हेलपाटे फार आणि सांगण्यासारखं थोडं. सांगण्यासारखं घडलं ते चतुराबाईंनी हक्क सोडला त्याच दिवशी, कोर्टाच्या बाहेर.

बयाबाईंनी विहिणीला चहा पाजला आणि सीबीएसच्या स्टँडवर पोचवायला निघाल्या. चतुराबाई चालता चालता थांबल्या. "एक मागू का?" त्या म्हणाल्या. "फोटो ऱ्हाऊ द्या मनाकडे. पैसा तुमले, फोटो माले. शेखरना शेजारी बरी दिसस ती. मी रोज दिवा लावसू."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. बयाबाईंना माणसाची पारख होती, त्यांना ते लगेच कळलं. हो म्हणायला काय जात होतं? एवढा पैसा या बाईने एका शब्दावर सोडला होता. दुसरा फोटो मेन रोडवर तासाभरात झाला असता.

बयाबाईंनी विहिणीचा हात हातात घेतला. "विहीणबाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाय. तुम्ही कधीही या, माझ्या घरी हक्काने राहा. पण पोर तुमच्याकडे मी एकदा ठेवून पाहिली."

चतुराबाईंनी मान डोलावली. बसला अवकाश होता, दोघी बाकावर जवळ जवळ बसून राहिल्या. सटाण्याची बस लागली तेव्हा बयाबाईंनी दोन तिकिटं काढली, विहिणीला खिडकीशी बसवलं, तिच्याबरोबर नामपूरला गेल्या आणि फोटो घेऊन परत आल्या.